तोफ आणि गोचीड

१२ जून

गोचीड,

पत्राची सुरुवात काय करावी यावरच दोन कागद फाडले. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू नाक मुरडलं असतंस. ‘वन्सं’ लिहिलं असतं तर हसली असतीस, आणि सध्या माझ्या कुठल्याही गोष्टीवर तू हसशील असं वाटत नाही. म्हणून कोर्टावरचंच नाव लिहिलं. समोरच्या मुली तुला ते शिवी म्हणून देत होत्या आणि तू ते शर्टाच्या पाठीवर छापून घ्यायला निघाली होतीस.

आईंच्या चष्म्याचं घर इथेच राहिलं. तुझ्या गुडघ्याचा पट्टाही. दोन्ही पार्सलने पाठवली आहेत. खोली तशीच आहे. तुझा दादा रोज संध्याकाळी ड्रायव्हिंग शिकवणीची गाडी खाली लावून वर येतो आणि सवयीने विचारतो, “आई कुठाय?” मग उगाच नळ सोडून हात धूत बसतो.

संघातून नाव कमी झालं की बदली होते, हे आपल्या वीज खात्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ती आठ तासांवरच्या उपकेंद्रात होईल, आणि या वयात आई हट्टाने तुझ्याबरोबर निघतील, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. दहाच मुली ठेवायच्या असं वरून आलं, सरांनी निर्णय घेतला. त्यात माझ्या हातात काय होतं?

तुझ्या जागी आलेली मुलगी कॉलेजातून थेट आली आहे. इतकी उंच की तिच्याशी बोलताना मान दुखते. आम्ही तिला शिडी म्हणतो. दोन्ही हातांनी बास्केट करते. सर खुशीत आहेत. “आता आपल्याकडे दोन तोफा,” म्हणतात. सरावाला मजा येते. म्हणजे, येते.

एक विचारायचं होतं. बसमध्ये चढताना तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि म्हणालीस, “येते वहिनी.” मी तुझ्या दादाशी लग्न करायच्या आधीपासून आपण एका संघात आहोत. इतक्या वर्षांत तू मला वहिनी म्हणाल्याचं आठवत नाही. रागावलीस तरी तोफच म्हणायचीस. त्या दिवशी थकली असशील.

मीटर तपासणीच्या खोलीतल्या सगळ्या तुझी आठवण काढतात. तिकडचं काम कसं आहे ते कळव.

तुझी,
तोफ

९ जुलै

गोचीड,

उत्तर आलं नाही. नवीन जागा, नवीन काम, वेळ कुठून मिळणार.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या मॅचला मी चौतीस केले. चौतीस! पेपरात फोटो आला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, पण आला. बिलाच्या तक्रारी घेऊन येणारे लोक माझ्या खिडकीशी थांबून “तुम्हीच ना त्या?” म्हणतात आणि तक्रार विसरून जातात.

मॅच आम्ही हरलो. त्यानंतरचीही हरलो. तिसरी कशीबशी जिंकली.

तुला सांगते काय होतं ते. आम्ही बास्केट करतो, टाळ्या वाजतात, आणि टाळ्या संपायच्या आत समोरच्यांनी आमच्यावर बास्केट केलेलं असतं. तिसऱ्या मॅचला समोर एक ठेंगणी मुलगी होती, ती आमच्यामधून अशी जात होती जशी आपल्याच घरात एका खोलीतून दुसरीत. शिडीला मी ओरडून सांगते, “मागे पळ, मागे!” ती गोड मुलगी आहे, पण पळ म्हटलं की तिला पुढेच पळता येतं.

आणि बॉल येत नाही गं. आधी मला वाटायचं, बॉल मला सापडतो. मी योग्य जागी असते म्हणून तो माझ्याकडे येतो. आता मी त्याच जागी असते आणि तो येत नाही. तू समोरचीच्या हातातून तो काढायचीस, मी आधीच धावत सुटलेली असायचे आणि तू न बघता पुढे फेकायचीस. मी रिकाम्या कोर्टावर एकटी जाऊन बास्केट करायचे. लोक उभे राहायचे. तू कोणाच्या हातातून बॉल काढलास ते बघायलाही मी कधी मागे वळले नाही. आता चौतीस करायला मला इतके धक्के खावे लागतात की रात्री कूस बदलता येत नाही.

तुझा दादा तिसऱ्या मॅचला आला होता. घरी येताना म्हणाला, “छान खेळलीस.” जरा वेळाने म्हणाला, “माझ्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा पास झाला की आईबाप त्याला पेढा भरवतात. मला कधी कोणी म्हणालं नाही, की मास्तर, तुमचा ब्रेक काय छान लागला.” मी म्हटलं, “म्हणजे काय?” म्हणाला, “काही नाही. ती असती तर ठेंगणी एवढी फिरली नसती, एवढंच.”

मी म्हटलं, सरांचा निर्णय. तो म्हणाला, “हो, माहीत आहे.”

आईंना गुडघ्याचं तेल कोणतं लागतं ते कळव, तिकडे मिळत नसेल तर पाठवते.

तोफ

२६ जुलै

काल तुझ्या दादाने फोन लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते. आई बोलल्या. आवाज चांगला वाटला. तुला द्या म्हटलं तर म्हणाल्या, “ती अंघोळीला गेलीय.” दुपारचे चार वाजले होते आणि मागून मला तुझा खोकला ऐकू आला. तुझा खोकला मी गर्दीतही ओळखते.

म्हणजे तू माझ्यावर रागावली आहेस. कशावरून, ते मला कळत नाही असं मी दोन महिने स्वतःला सांगते आहे.

तर ऐक. सरांनी नाव काढायच्या आधी मला विचारलं होतं. हे मी आधी लिहायला हवं होतं. पण मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा” एवढंच म्हणाले. माझी चूक असेल तर एवढीच, की मी तुझ्या बाजूने भांडले नाही. घरच्या माणसासाठी भांडणं बरं दिसत नाही, तूच म्हणायचीस ना?

तोफ

२८ जुलै

गोचीड,

परवाच्या पत्रातलं शेवटचं सगळं खोटं आहे. पेटीत टाकल्यावर हात आत घालून परत काढता येतं का ते मी खरंच बघितलं.

सरांनी मला मे महिन्यात सामानाच्या खोलीत बोलावलं. ते बॉलमध्ये हवा भरत होते. म्हणाले, “कॉलेजातल्या त्या उंच मुलीला घ्यायचं तर एक कमी करावी लागेल. तुझी नणंद, नाहीतर ती डावखुरी. तू सांग, तुला खेळायचंय.” मी म्हणाले, “सर, नणंद आहे म्हणून मी काही बोलणार नाही.” इथे थांबले असते तरी चाललं असतं. थांबले नाही. म्हणाले, “पण खरं सांगायचं तर ती माझ्या जिवावर संघात आहे. मॅचला दोन पॉइंट. तेवढे तर माझ्याकडून चुकून होतात.”

सर हसले. मीही हसले.

का बोलले, तेही सांगते. गेल्या हिवाळ्यातली मॅच आठव. बाहेरून ते पांढऱ्या मिशांचे प्रशिक्षक बघायला आले होते. मी एकतीस केले होते. मॅच संपल्यावर ते कोर्टावर आले, सरळ माझ्या दिशेने. मी हाताचा घाम चड्डीला पुसला आणि हात पुढे केला. ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि त्यांनी तुझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, “त्यांच्या सात नंबरला आज झोप लागणार नाही.” तुला कौतुक घेता येत नाही, तू तिथेच बुटाची नाडी बांधायला बसलीस. माझा हात तसाच पुढे होता. मग मी तो केसांवरून फिरवला, जणू त्याचसाठी उचलला होता.

कोणी पाहिलं नाही. तूही नाही. पण तेव्हापासून घरात तू समोर बसून जेवायला लागलीस की मला तो हात आठवायचा. एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच. याहून मोठं कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं.

आता तुला कळलं. हवं तर दादाला सांग. मी सांगायला हवं खरं तर.

तोफ

१० ऑगस्ट

गोचीड,

सांगितलं.

हल्ली तो मला गाडी शिकवतो. शिकवणीचे तास संपले की अर्धा तास माझा. काल मी स्टिअरिंगवर होते, तो शेजारी. समोर बघत बोलायचं असलं की तोंडाला धीर येतो म्हणून तीच वेळ साधली. सगळं सांगितलं, सामानाची खोली, ते वाक्य, हसणं. तो प्रशिक्षकांचा हातसुद्धा.

त्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून हॉर्न सुरू झाले, एकजण खिडकीशी येऊन शिव्या देऊन गेला. तो म्हणाला, “म्हणजे आई या घरातून गेली ती तुझ्यामुळे.”

“मला काय माहीत आई जातील म्हणून?”

“आणि ही गेली ती?”

तो म्हणाला, “जागा बदल.” आम्ही उतरून गाडीला दोन बाजूंनी वळसा घातला. तो स्टिअरिंगवर बसला. घरापर्यंत त्यानेच चालवली. आज सकाळी त्याने महिन्याची रजा टाकली आणि बॅग भरून तुमच्याकडे निघाला. हे पत्र पोचेल त्याच्या आधी तोच पोचेल.

घर मोकळं मोकळं आहे. जेवण जात नाही. पण तुझ्यापासून आता काही लपवणार नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते, की मला हलकं वाटतंय. इतक्या दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. थोडा स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला. कोणी विचारलं नव्हतं, पुरावा नव्हता, तरी मी सांगितलं. वाटलं, आता तरी तू फोनवर येशील.

तोफ

३१ ऑगस्ट

गोचीड,

माफीबद्दल परत लिहू नकोस म्हणालीस, तर लिहीत नाही. मॅचबद्दल लिहिते, आणि त्यानंतरचं जे झालं ते. मला ते एकदा कागदावर नीट बघायचं आहे.

तू तिकडे खेळायला लागलीस त्या गावच्या संघाशी मॅच पडली तेव्हा शिडी म्हणाली, “त्यांच्यात आहे कोण? एक नर्स, दोन शाळेतल्या बाई आणि बेकरीवाल्याची मुलगी.” मी म्हटलं, “आणखी एक आहे.” म्हणाली, “ती? पॉइंट तरी करते का?” ते वाक्य मीच जन्माला घातलं आहे.

तू मला सहा पॉइंट करू दिलेस. त्यातले चार फाऊलचे. मी कितीतरी जणींच्या अंगावरून गेले आहे, पण असं कधी झालं नव्हतं. मी डावीकडे वळायच्या आधी श्वास रोखते, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. मी श्वास रोखला की तू तिथे. एकदाही धक्का दिला नाहीस, एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाहीस, फक्त पोटाकडे बघत राहिलीस. आणि बेकरीवाल्याची ती मुलगी रिकाम्या कोर्टावर पळत सुटायची, तू न बघता तिच्याकडे फेकायचीस. तिने एकोणीस केले. तिला वाटत असेल, बॉल तिला सापडतो.

मॅचनंतर तू नळापाशी तोंड धूत होतीस. मी आले. तू म्हणालीस, “पत्रं मिळाली.”

मी म्हटलं, “मग?”

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बदलीचा कागद देताना सरच म्हणाले, माझ्यावर राग धरू नकोस, तुझ्या वहिनीचं मत घेऊनच केलंय. ‘माझ्या जिवावर’ हेसुद्धा सांगितलं त्यांनी.”

मी विचारलं, “मग दादाला का नाही सांगितलंस?”

“कशाला? तुमचा संसार मोडायला?” तू नळ बंद केलास. “त्या दिवशी रागाच्या भरात आईला सांगून बसले. आणि आईच्या पोटात काही राहतं का? चार दिवसांत दादाला कळलं असतं. म्हणून तिला बरोबर आणलं. तिच्या मैत्रिणी, तिचं शिवणाचं मशीन, सगळं सोडून आली ती. लोकांना सांगत होती, पोरगी एकटी कशी राहील. फोनवर मी येत नव्हते, कारण दादा शेजारी असतो आणि माझा आवाज त्याला कळतो. इतके दिवस मी हे धरून ठेवलं, वहिनी. तू एका संध्याकाळी जाऊन सगळं ओतून मोकळी झालीस.”

मी म्हटलं, “मला वाटलं, खरं बोलावं.”

“खरं मला बोललीस, तेवढं पुरे होतं. ते नुसतं वाचून मी गप्प बसले असते. दादाला सांगितलंस ते तुला मोकळं व्हायचं होतं म्हणून. तू झालीस. आता तो इथे येऊन भिंतीकडे तोंड करून बसलाय. आई रडते, म्हणते माझ्यामुळे पोराचं घर बिघडलं. त्या दोघांना कोण सांभाळणार? मीच ना?”

मला वाटतं मी तेव्हा विचारलं, माफ करशील का. तू म्हणालीस, “नाही. निदान आत्ता नाही. आणि सारखं विचारू नकोस, मला कामं आहेत.” टॉवेल खांद्यावर टाकलास आणि त्या बेकरीवाल्याच्या मुलीला हाक मारून तिचे पाय कुठे चुकले ते दाखवायला गेलीस.

बसमध्ये आठ तास मी एकच गोष्ट उलटसुलट करत होते. तुझ्या दादाला सांगताना मला जे हलकं वाटलं होतं ना, ते मी ओळखते. बॉल जाळीतून खाली पडतो तेव्हा अगदी तसंच वाटतं. मागे कोण पडलंय, कोणाला लागलंय, ते बघायचंच नाही.

तोफ

२० सप्टेंबर

गोचीड,

हे उत्तर मागायला लिहिलेलं नाही. एक कामाचं आहे, ते शेवटी लिहिलंय.

तुझा दादा परत आला. तुला कळलंच असेल. माझ्याशी कामापुरतं बोलतो. दूध आणलं का, किल्ली कुठाय. मी जास्त बोलायला जात नाही. मला बरं वाटावं म्हणून त्याला बोलायला लावायचं नाही, एवढं शिकले.

सरांना सांगितलं, समोरच्यांच्या सगळ्यात चांगल्या मुलीला मी धरणार, मॅचभर अडवणार. ते म्हणाले, “तुला काय झालंय?” पहिल्या मॅचला पाच फाऊल करून मी अर्ध्यातच बाहेर. प्रेक्षक हसले. दुसऱ्या मॅचला जरा जमलं. मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तू हे रोज करून घरी येऊन पोळ्या लाटायचीस. मी सोफ्यावर पाय वर करून पडलेली असायचे आणि म्हणायचे, आज दमले बाई. माझे पॉइंट अकरावर आलेत. पेपरात आलं, ‘तोफ थंडावली’. आम्ही दोन जिंकलो, एक हरलो. तक्त्यात कुठेतरी मध्येच आहोत.

सरांनी तुला परत यायला विचारलं आणि तू “इथे बरं आहे” म्हणालीस, हेही कळलं. मी त्यांना फक्त विचारा म्हटलं होतं. गळ घाला म्हटलं नव्हतं.

आता कामाचं. दादा म्हणाला, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि तुमच्या संघाची मोठी स्पर्धा एकाच आठवड्यात आली आहे, आणि तू संघाला नाही म्हणून कळवलंस. दादाची रजा संपली आहे. माझी शिल्लक आहे. आमची स्पर्धा तोवर संपलेली असेल. तू खेळायला जा. आईंच्या डोळ्यात थेंब घालायला, हाताला धरून न्यायला मी येते. तू निघालीस की येईन. तुझ्याशी बोलायला येत नाही.

नाही म्हणालीस तरी चालेल. आईंकडून निरोप दे.

तोफ

१४ ऑक्टोबर

गोचीड,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे, इथेच ठेवीन.

तुझा निरोप आईंनी फोनवर जसाच्या तसा सांगितला होता, “ये म्हणतेय ती. आणि थेंब घालताना हात हलता कामा नये म्हणतेय.” हात हलला नाही. पहिल्या दिवशी थोडा हलला.

तुझा दादा बसपर्यंत सोडायला आला होता. पिशवी वर ठेवली आणि म्हणाला, “पोचलीस की फोन कर.” आईंची खुशाली कळावी म्हणून की माझी, ते मी विचारलं नाही.

पहिले दोन दिवस आई माझ्याशी डोळ्यापुरतं बोलल्या. वर बघू? मिटू? झालं? तिसऱ्या दिवशी थेंब घालून झाल्यावर डोळे मिटलेले असतानाच म्हणाल्या, “माझा तुझ्यावर राग होता. अजून आहे. पोरगी इथे पहिले पंधरा दिवस संध्याकाळी बूट घालून बसायची आणि कुठे जायचंच नाही हे लक्षात आलं की काढून ठेवायची. ते मी बघितलंय.” मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? त्या म्हणाल्या, “थेंब मात्र चांगले घालतेस. ही घाई करते.”

हे तुला कळवलं कारण ते बूट काढून ठेवणं तू मला कधीच सांगितलं नसतंस. मी ते आता बरोबर घेऊन जाईन. विसरायचा प्रयत्न करणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांचं शिवणाचं मशीन आईंना वापरायला दिलं आहे. डॉक्टरांनी महिनाभर नको म्हटलंय, तरी आई चाकावर हात ठेवून बसतात. लक्ष ठेव. गोळ्या संपल्या, थेंबांची नवी बाटली फ्रीजच्या दारात आहे.

आज दुपारी तुमच्या संघातल्या नर्सबाईंचा फोन आला. आईंना दिसत नाही आणि कानालाही कमी, म्हणून फोन मी घेतला आणि मोठ्याने सांगत गेले.

“फायनल हरल्या. चार पॉइंटनी.”

आई म्हणाल्या, “हिने किती केले?”

“दोन.”

“आणि ही जिला धरून होती तिने?”

मी नर्सबाईंना विचारलं. “पाच.”

आईंच्या काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते कळत नव्हतं. मग एकदम चिडून म्हणाल्या, “मग हरले कसे? बाकीच्यांनाही हिनेच धरायचं का?”

मला हसू फुटलं. मग आईंनाही. हसताना डोळ्यावर ताण येतो म्हणून मी त्यांना गप्प करत होते आणि मलाच आवरत नव्हतं. हसता हसता माझं रडं कधी झालं ते कळलं नाही. आईंना दिसत नाही ते बरं, असं वाटलं. पण त्यांनी हात पुढे करून माझं तोंड चाचपलं आणि पदराने पुसलं, जोरात, लहान मुलाचं पुसतात तसं.

माझी बस पाचची होती. तू येणार सहाला. तसं बघूनच तिकीट काढलं होतं, म्हणजे तुला माझं तोंड बघायला लागू नये. बॅग भरली तेव्हा आई म्हणाल्या, “कुठे निघालीस?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिला तोंड दाखवायचं नाही म्हणून पळतेस. तिच्या सोयीसाठी नाही.”

मी म्हटलं, “आई, ती माझ्याशी बोलणार नाही.”

“नाही बोलली तर नाही बोलली. तिघींचा स्वयंपाक कर.”

कणीक मळून ठेवली आहे. पाचची बस आत्ता खालून गेली.